तीन प्रश्नांचं लॉगिन

“माने साहेब, ‘डिनाइड’ म्हंजे काय वो?”

भट्टीचे सुपरवायझर पाटील तात्या आमच्या ईडीपी खोलीच्या दारात उभे होते. हातमोजे काखेत, कपाळावर काळ्या वाळूचा थर, भुवया भट्टीच्या आचेनं करपलेल्या. एसीच्या खोलीत यायला ते नेहमी बिचकायचे. त्या दिवशी तरातरा आत आले होते.

“नाकारलं,” मी म्हणालो.

“कुणाला?”

“तुम्हाला.”

“मला? हितं केस पिकलं माझं भट्टीवर. मला कोण नाकारणार?”

“तुम्हाला नाही तात्या, तुमच्या लॉगिनला.”

“त्ये काय मला कळत न्हाय. फोनवर पुण्याची पार्टी थांबलीया. कास्टिंगला तडा गेलाय म्हणत्यात. हीट नंबर सांगतोय तर ह्यो तुमचा पावणा रोज नव्यानं नाव इचारतोय. काल भेटलोय की त्याला!”

माझ्या शेजारच्या टेबलावरून वैशाली कांबळे उठली. “चला तात्या, मी येते,” म्हणाली, आणि जेवणाचा डबा तसाच उघडा टाकून त्यांच्यामागे जिना उतरून गेली.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी तेव्हा ईडीपी इनचार्ज होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ईडीपी म्हणजे कॉम्प्युटर विभाग. विभाग म्हणजे मी आणि वैशाली.

थोडं समजावून सांगतो. भट्टीत एका खेपेला जेवढं लोखंड वितळतं त्याला ‘हीट’ म्हणतात. प्रत्येक हीटला एक नंबर असतो आणि त्यातून ओतलेल्या प्रत्येक कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागावर, तो नंबर उठवलेला असतो. पुढे गिऱ्हाइकाकडे एखादं कास्टिंग फुटलं की ते फोनवर तो नंबर सांगतात. मग त्या हीटमध्ये कार्बन किती होता, सिलिकॉन किती होतं, ओतताना तापमान काय होतं, हे आम्ही बघायचं आणि उत्तर द्यायचं. उत्तर लगेच मिळालं तर फुटलेला नग बाजूला काढून त्यांचं काम पुढं चालू. उत्तर मिळालं नाही तर अख्खा लॉट परत.

ही सगळी माहिती आम्ही एका डेटाबेसमध्ये ठेवली होती. माऊस, रंगीत खिडक्या असलं काही खाली शॉपमध्ये, म्हणजे भट्ट्यांच्या शेडमध्ये, नव्हतं. तिथं नुसतं टर्मिनल, काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी पिवळी रेघ. हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचं, मशीन उत्तर देणार. अशा प्रोग्रॅमला कमांड लाइन टूल म्हणतात. हुकूम तसे सोपे होते, वैशालीनं त्यांचे कागद टर्मिनलशेजारी चिकटवले होते. अडचण दारातच होती.

टूल सुरू केलं की तीन प्रश्न यायचे. पहिला, युजर नेम. दुसरा, पासवर्ड. तिसरा, कुठला डेटाबेस. डेटाबेस तीन होते. चालू वर्षाचा, जुन्या वर्षांचा आणि लॅबचा. त्यांची नावं मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरनं ठेवलेली. त्या नावांत अर्थ शोधण्यात अर्थ नव्हता. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नसे. मागून कुणी बघू नये म्हणून तशी सोय असते. पण तात्यांसारख्या माणसाला वाटायचं बटण दबलंच नाही. ते पुन्हा दाबायचे, जोर लावून. भट्टीतल्या पळीची सवय असलेली बोटं ती. तीनदा चुकलं की टूल बाहेर काढायचं आणि इंग्रजीत सांगायचं, लॉगऑन डिनाइड.

मग इंटरकॉम वाजायचा. “मॅडमना पाठवा.”

वैशाली मुरगूडची. रोज मुरगूडहून एसटीनं कोल्हापूर स्टँड आणि तिथून केएमटीच्या सिटी बसनं शिरोली. नवरा झेडपीच्या शाळेत शिक्षक, लहान मुलगी सासूजवळ. तिच्या वडिलांनी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात कास्टिंग घासायचं काम केलं होतं. आयुष्यभर. आमच्या शॉपमधले एकदोन जुने लोक त्यांना ओळखत. ती नवीन आली तेव्हा तेच लोक तिला “ए पोरी” म्हणून हाक मारायचे. वर्षभरात ती सगळ्यांची मॅडम झाली. त्यात त्या तीन प्रश्नांचा मोठा वाटा होता, हे मला तेव्हा सुचलं नाही. तिलाही सुचलं नसावं. ती फक्त दमलेली असायची.

त्या दिवशी ती परत आली तोवर डब्यातली भाकरी वातड झाली होती.

“मिळाली हीट?” मी विचारलं.

“मिळाली. पार्टी खूश.” ती खुर्चीत बसली. “सर, एक बोलू का? त्या लॉगिनचं काहीतरी करा. मागं दिराच्या लग्नाला मी रजेवर होते, तेव्हा पार्टीला दिवसभर उत्तर मिळालं नव्हतं. आल्यावर सगळे माझ्यावरच ओरडले. लग्न काय मी ठरवलं होतं?”

“करायचं तर आहे. पण वेळ कुठाय?”

“मी करते की अर्धं. तुम्ही सांगा तसं.” मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, “आणि ते झालं की माझा दिवस मोकळा होतोय. मग तुम्ही मला रिपोर्ट लिहायला शिकवायचं. नीट, पहिल्यापासून.”

रिपोर्ट लिहायचं म्हणजे डेटाबेसला नवे प्रश्न विचारायचे. या महिन्यात कुठल्या भट्टीतला माल जास्त फुटला, कुठल्या शिफ्टमध्ये फुटला, वितळवायचं भंगार बदललं तेव्हा काय झालं. हे काम ऑपरेटरचं नसतं, प्रोग्रॅमरचं असतं. वैशालीला तिकडं जायचं होतं. फावल्या वेळात ती माझ्या खांद्यावरून बघून बघून बरंच शिकली होती. असिस्टंट प्रोग्रॅमर अशी एक जागा विभागात मंजूर करून घ्यावी असं माझ्याही मनात होतं. मी ‘ठरलं’ म्हणालो.

कामाला लागलो. आधी वैशालीनं एक शिफ्टभर भट्टीजवळच्या टर्मिनलपाशी स्टूल टाकलं आणि कोण कुठं अडकतंय ते नुसतं बघितलं. माझी समजूत होती की लोक पासवर्ड विसरतात. ती म्हणाली, विसरत नाहीत, दोनदा दाबतात. आणि जे त्यातून सुटतात ते तिसऱ्या प्रश्नावर पडतात.

तिसरा प्रश्न काढणं सोपं होतं. मेल्टिंगच्या माणसाला चालू वर्षाचाच डेटाबेस लागतो, लॅबच्या माणसाला लॅबचा. माणूस कुठल्या विभागातला आहे हे कळलं की मशीननंच ठरवावं. जुन्या वर्षाची हीट असेल तर ती नंबरावरूनच कळते. तो प्रश्न माणसाला विचारायचं कारणच नव्हतं.

युजर नेमच्या जागी आम्ही टोकन नंबर आणला. कारखान्यात प्रत्येकाला एक टोकन नंबर असतो. हजेरीला, कॅन्टीनला, पगाराला तोच. स्वतःचं नाव विसरेल पण माणूस टोकन नंबर विसरत नाही.

राहिला पासवर्ड. तो काढून टाका म्हणून सगळ्यांनी सांगितलं. मी नाही काढला. टोकन नंबर सगळ्यांना सगळ्यांचे ठाऊक असतात. मग त्याच्या जागी प्रत्येकानं आपल्या मनानं ठरवलेला चार आकडी नंबर ठेवला. तो टोकनशी जुळला की मशीन माणसाला ओळखणार आणि मशीननं ओळखलं की डेटाबेसनं पुन्हा ‘कोण तुम्ही’ विचारायचं नाही. वॉचमननं गेटवर ओळखून आत सोडलेल्या माणसाला घराच्या दारात पुन्हा नावगाव विचारत नाहीत, तसं.

आणि प्रत्येक आकडा दाबला की पडद्यावर एक चांदणी उमटेल असं केलं. आज यात कुणाला काही वाटणार नाही. पण आमच्या त्या टूलमध्ये ही सोय नव्हती. टूलच्या पुढं माझा छोटा प्रोग्रॅम बसवून एकेक बटण पकडावं लागलं. त्या चांदणीनं माझा घाम काढला.

शब्द मात्र सगळे वैशालीचे. मी ‘एंटर टोकन नंबर’ लिहिलं होतं. तिनं ते खोडून ‘टोकन नंबर सांगा’ केलं. टर्मिनलवर मराठी अक्षरं उमटत नसत, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. चुकलं तर ‘डिनाइड’ यायचं, तिथं तिनं लिहिलं, ‘नंबर चुकला. परत टाका.’

“एवढंच?” मी म्हणालो.

“एवढंच. माणूस चुकला नाही, नंबर चुकलाय. तेवढं कळलं की तो घाबरत नाही.”

पहिल्यांदा चालू केलं त्या दिवशी आमचे वर्क्स मॅनेजर इनामदार साहेब मुद्दाम बघायला आले. माणूस शिस्तीचा, बोलायला सौम्य. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. पाटील तात्यांना टर्मिनलसमोर बसवलं. तात्यांनी पँटला हात पुसले. टोकन नंबर टाकला. मग मान तिरकी करून, आमच्याकडे संशयानं बघत, चार आकडे टाकले. चार चांदण्या उमटल्या. तात्या आत.

“आयला, घेतलं की वो!” तात्या ओरडले. भट्टीवरची माणसं वळून बघायला लागली. तात्यांनी कागदावर बघून हुकूम टाकला, हीट नंबर टाकला. पडद्यावर सगळे आकडे आले. “ह्यो बघा कार्बन. ह्ये सिलिकॉन. आता बोल म्हणावं पुण्याच्या पार्टीला!”

सगळे हसले. वैशाली माझ्या शेजारी उभी होती, पदर तोंडाला लावून हसत होती.

इनामदार साहेब म्हणाले, “माने, हे तर कुणालाही जमेल.”

“तेच तर, साहेब!” मी म्हणालो.

मी ते फार आनंदानं म्हणालो. अजून आठवतं.

पुढचे काही आठवडे बरे गेले. इंटरकॉम जवळजवळ वाजेनासा झाला. दुपारनंतर वैशाली माझ्या शेजारी खुर्ची ओढायची आणि आम्ही रिपोर्ट लिहायचो. तिनं स्वतः लिहिलेला पहिला रिपोर्ट कुठल्या दिवशी, कुठल्या भट्टीत, किती माल फुटला याचा होता. चालला तेव्हा तिनं तो तीनचार वेळा चालवून बघितला. आकडे तेच येणार होते. तरी बघितला.

मी असिस्टंट प्रोग्रॅमरच्या जागेचा अर्ज टाइप करून ठेवला आणि तो घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये जाणार, त्याच्या आधी साहेबांचंच बोलावणं आलं.

“माने, ते लॉगिनचं काम उत्तम झालं,” ते म्हणाले. “आता कांबळे मॅडम मोकळ्याच असतात ना?”

“मोकळ्या नाहीत साहेब, रिपोर्ट लिहितायत. खरं तर त्याच कामासाठी मी...”

“रिपोर्ट लिहायला तुम्ही आहात की. आपल्या गडहिंग्लजच्या युनिटला स्टोअर्समध्ये माणूस हवा आहे. विश्वासातला. त्यांना तिथं देऊ.”

गडहिंग्लजला आमचं एक लहान मशीन शॉप होतं. तिथं कॉम्प्युटर नव्हता. स्टोअर्सचं सगळं काम कार्डावर पेनानं चालायचं.

“साहेब, तिथं कॉम्प्युटरच नाही.”

“येईल ना. मॅडम आधी गेल्या तर उलट सोयीचं होईल. आणि त्या मुरगूडच्या. गडहिंग्लज काही लांब नाही. आत्ता दोन बस करतात, तिकडं एकच लागेल.”

“साहेब, ही लॉगिनची कल्पना त्यांची. पडद्यावरचा शब्दन् शब्द त्यांचा आहे. अशा माणसाला कार्डं लिहायला बसवायचं?”

“असं?” साहेबांना खरोखर कौतुक वाटलं. “मग हुशारच आहेत की. गडहिंग्लजला अशीच व्यक्ती पाहिजे.”

तरी बोललो. जागेचा अर्ज पुढं केला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, “माने, तुम्हीच माणसाचं काम वाचवलंत. आता तुम्हीच माणूस मागताय. मी हेड ऑफिसला काय सांगू?”

वैशालीला मीच सांगितलं. ऑर्डर हातात पडायच्या आधी तिला माझ्याकडून कळावं असं वाटलं. तिनं ऐकून घेतलं. रडली वगैरे नाही. टेबलावरचा कीबोर्ड उगाच सरळ केला आणि म्हणाली, “कॉम्प्युटर कधी येणार म्हणाले?”

“लवकरच, म्हणाले.”

“म्हणजे न्हाय,” ती म्हणाली. ऑफिसात ती कटाक्षानं ‘नाही’ म्हणायची. त्या दिवशी मुरगूडचं ‘न्हाय’ आलं.

दोन दिवस गेले असतील. भट्टीकडून इंटरकॉम वाजला. पाटील तात्या.

“मॅडमना पाठवा. मला आत घेत न्हाय.”

वैशाली खाली जाऊन आली. “नंबर चुकीचा टाकत होते,” म्हणाली. दुपारी पुन्हा फोन. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. इतर सगळ्यांचं व्यवस्थित चाललं होतं. एकट्या तात्यांना जमेना. मी प्रोग्रॅम तपासला. माझा प्रोग्रॅम कोण कधी आत आलं, कोण किती वेळा चुकलं याची नोंद ठेवायचा. तात्या प्रत्येक वेळी बरोबर टोकन टाकत होते आणि पुढं चार वेळा शून्य.

मी भट्टीवर गेलो. “तात्या, शून्य शून्य शून्य शून्य हा तुमचा नंबर आहे का?”

तात्यांनी इकडंतिकडं बघितलं. भट्टीच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नव्हतं, तरी आवाज खाली आणला. “साहेब, बाईला घालवायला लागल्यात म्हणं. म्या म्हटलं, मला जमंना झालं की ठेवतील. भट्टीचा सुपरवायझर अडला म्हंजे काम अडलं. काय चुकलं?”

“चुकलं नाही. पण...”

“पण काय? तुमी गप बसा फकस्त. मशीन बिघाडलंय म्हणा. मशीन काय बोलतंय व्हय?”

मला हे पटलं. एवढा सरळ उपाय माझ्या डोक्यात आला नव्हता. मी ठरवलं, साहेबांनी विचारलं तर प्रोग्रॅममध्ये दोष आहे, दुरुस्तीला वेळ लागेल, तोवर ऑपरेटर लागेल असं सांगायचं. माझ्या कामाला बट्टा लागला असता. लागू दे, म्हटलं.

आठवडाभर हे चाललं. मग एका सकाळी साहेबांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. मी, तात्या आणि वैशाली. पुण्याच्या पार्टीला पुन्हा उत्तर उशिरा गेलं होतं.

“पाटील, काय अडचण आहे?” साहेबांनी विचारलं.

“मला त्ये जमत न्हाय साहेब. डोस्क्यात ऱ्हात न्हाय. मॅडम असल्या की हुतंय.”

“लॅबवाल्यांना जमतं. सेकंड शिफ्टला जमतं.”

“त्यास्नी जमत आसंल. मला न्हाय.”

साहेबांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. “मग पाटील, आपल्याला वेगळा विचार करावा लागेल. सुपरवायझरला हीटची माहिती काढता आलीच पाहिजे, आता ते कामाचाच भाग आहे. एक डिप्लोमावाला मुलगा आहे, त्याला फर्स्ट शिफ्टला घेतो. तुम्ही यार्डात भंगाराकडं बघा. रिटायर व्हायलाही फार दिवस राहिले नाहीत तुमचे. दगदग कमी होईल.”

तात्या भट्टीवर हेल्पर म्हणून आलेले होते. नुसत्या ज्वाळेच्या रंगावरून लोखंड झालं की नाही सांगायचे. त्यांना भंगाराच्या यार्डात. तात्यांचा चेहरा पडला.

मी बोलायला तोंड उघडलं. दोष प्रोग्रॅममध्ये आहे साहेब, असं वाक्य मी जुळवून ठेवलं होतं.

त्याच्या आधी वैशाली बोलली.

“तात्यांना येतंय, साहेब.”

“काय?”

“त्यांना चांगलं येतंय. मी शिकवलंय. विसरल्यासारखं करतायत. माझी बदली थांबावी म्हणून.”

तात्या तिच्याकडं बघत राहिले. “पोरी, कशापायी बोललीस?” एवढंच म्हणाले. मॅडम म्हणायचं राहून गेलं.

“मी शिकवलेलं येत न्हाय म्हणून तुम्हाला यार्डात घातलेलं मला चालणार न्हाय,” ती म्हणाली. ती साहेबांकडंच बघत होती. “माझी ऑर्डर आहे तशी राहू द्या, साहेब. तात्यांना हलवू नका.”

साहेबांनी चष्मा परत लावला. मला वाटलं, आता हा माणूस विरघळणार. ते विरघळलेही. त्यांनी तात्यांना माफ केलं, भट्टीवरच ठेवलं. वैशालीकडं बघून म्हणाले, “मॅडम, तुमच्यासारखी माणसं आपल्याकडं आहेत याचा मला अभिमान वाटतो.” पुढच्या सोमवारपासून तिला गडहिंग्लजला हजर व्हायचं होतं. त्यात काही बदल झाला नाही.

बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, “मी बोलणारच होतो. प्रोग्रॅम बिघडलाय म्हणून सांगणार होतो.”

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “म्हणून तर आधी बोलले. तो बिघडलेला न्हाय, सर. चांगला झालाय.”

शेवटच्या दिवशी तात्यांनी भट्टीवरच्या पोरांकडून वर्गणी काढून पेढे आणले. तिनं सगळ्यांना वाटले. तात्यांना द्यायला गेली तर ते म्हणाले, “बदलीचा पेढा मी खात न्हाय,” आणि मग घेतला.

गडहिंग्लजला कॉम्प्युटर आला नाही. दर वर्षीच्या बजेटमध्ये असायचा आणि दर वर्षी पुढं ढकलला जायचा. सुरुवातीला ती फोन करायची. सर, अमुक रिपोर्ट असा लिहिता येईल का, असं विचारायची. माझ्याकडं मशीन होतं, तिच्याकडं कागद. तिनं कागदावर लिहून फोनवर वाचलेला रिपोर्ट मी टाइप करून चालवायचो आणि चालला की नाही ते फोनवर सांगायचो. हळूहळू फोन कमी झाले. मुरगूड ते गडहिंग्लज थेट बस मोजक्या, त्या चुकल्या की निपाणीला जाऊन दुसऱ्या गाडीसाठी उभं राहायचं. मुलगी शाळेत जायला लागली होती. वर्षसव्वा वर्षानं तिनं राजीनामा दिला, तोही मला तिसऱ्याच माणसाकडून कळला.

आमच्या त्या लॉगिनचंही फार दिवस चाललं नाही. दोन हजारनंतर कंपनीनं मोठं तयार पॅकेज घेतलं. टाय लावलेले कन्सल्टंट आले. त्यांच्या पॅकेजमध्ये आत शिरायला युजर आयडी, पासवर्ड, कंपनी कोड आणि वर्ष, असं सगळं भरायला लागायचं. पासवर्ड ठरावीक दिवसांनी बदलायचा, आणि त्यात एक आकडा, एक मोठं अक्षर हवंच. शॉपमधले लोक पुन्हा दारातच अडायला लागले. मग कंपनीनं त्यांच्यासाठी हेल्प डेस्क नावाचा विभाग काढला. दोन माणसं नेमली. त्यांचं काम एकच, लॉगिन करून देणं. त्या जागा मंजूर व्हायला एक मीटिंग पुरली.

नंतर केव्हातरी मी एका नातेवाइकाच्या कामासाठी कागलच्या सरकारी ऑफिसात गेलो होतो. खिडकीपलीकडं वैशाली बसलेली होती. परीक्षा देऊन क्लार्क म्हणून लागली होती. केस थोडे पिकले होते. मला बघून उठून उभी राहिली, बाहेर आली, जबरदस्तीनं चहा पाजला. मुलगी इंजिनिअरिंगला जाईन म्हणते, हे सांगितलं. तात्यांची चौकशी केली. ते कोडोलीला शेतावर असतात, बरे आहेत, असं मी सांगितलं. मग तिनं विचारलं, “आपलं ते लॉगिन चालू आहे का अजून?”

मी तिला हेल्प डेस्कचं सांगितलं. दोन माणसं, एका मीटिंगमध्ये मंजूर, हेही सांगितलं. सांगायला नको होतं. ती आधी खळखळून हसली. मग चहाचा कप खाली ठेवला.

“सर, मला आता रिपोर्ट लिहायला येत न्हाय,” ती म्हणाली. “परवा इथं एकानं विचारलं. बसले, तर पहिली ओळसुद्धा आठवंना.”

“परत येईल. सायकलसारखं असतं.”

“सायकल मी दोन महिनेच चालवली होती की,” ती म्हणाली, आणि खिडकीपुढं रांग लागली होती म्हणून आत गेली.

त्यानंतरच्या नोकरीत मी एक सवय लावून घेतली. एखादं काम सोपं करून द्या असं कुणी म्हटलं की मी आधी विचारायचो, यानं ज्याचा वेळ वाचेल त्या माणसाला तुम्ही पुढं काय काम देणार आहात? आणि उत्तर सहीनिशी मागायचो. एकदोन साहेबांनी सही केली. बाकीचे हसले, आणि त्यांचं काम मी तरीही सोपं करून दिलं, कारण पगार त्याचाच होता.